एक वस्तू, एक दर

मालनबाई उपासनींना बँकेत लागायचं होतं. लागल्या त्या कोपरीतल्या एका खासगी मराठी शाळेत, चौथीच्या वर्गावर. अर्थशास्त्र घेऊन बी. ए., तेही एकोणीसशे अठ्ठावन्न साली, जेव्हा त्यांच्या नात्यातल्या मुली मॅट्रिकपर्यंत पोचत आणि पत्रिका जुळली की संपत. त्यांचीही जुळली. सासर डोंबिवलीचं. सासऱ्यांचं मत असं, की बँकेत पुरुषांशी बोलावं लागतं आणि शाळेत मुलांशी. यावर वाद घालायला हवा होता. मालनबाईंनी घातला नाही, मुकाट्यानं डी. एड. केलं, आणि तो न घातलेला वाद पुढं तीस वर्षं चौथीच्या मुलांशी घालत राहिल्या.

म्हणजे काय, तर त्यांनी वर्गात बाजार भरवला.

सुरुवात साधी होती. एका वर्षी मुलांना त्यांनी विचारलं, पैसा कुठून येतो? वर्गातून उत्तर आलं, बाबांच्या खिशातून. बाबांच्या खिशात कुठून येतो? कंपनीतून. कंपनीत कुठून येतो? यावर शांतता. मालनबाईंना ती शांतता सहन होईना. त्यांनी घरातल्या जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या, बांगडीच्या मापानं त्यातून गोल चकत्या कापल्या, त्यावर शाळेचा शिक्का मारला. कुठल्या चकतीवर ‘चि. सौ. कां.’ अर्धं आलेलं, कुठं गणपतीचा नुसता कान. हे वर्गाचं चलन. फळा पुसला, एक चकती. माठ भरला, दोन. गृहपाठ पुरा, तीन. आठवडाभर कमवायचं आणि शनिवारी सकाळच्या शाळेत, शेवटच्या दोन तासांत, खर्च करायचं. कोणी घरून आवळे आणी, कोणी भोवरे, कोणी कागदाची भिरभिरी. एकदा त्यांनी मुद्दाम वर्गातली सगळी शार्पनरं काढून घेतली, एकच ठेवलं, आणि लिलाव पुकारला. ते शार्पनर अकरा चकत्यांना गेलं. पुढच्या शनिवारी सगळी परत दिली, तर एकीलाही कोणी घेईना. “का रे?” म्हणून त्यांनी विचारलं, आणि नामा नावाचा काटकुळा पोरगा बसल्या जागेवरून म्हणाला, “बाई, ढीग झाला की कोण विचारतो!” मालनबाईंना त्या दिवशी डबा गोड लागला.

हे चांगलं चाललं होतं, आणि चांगलं चाललेलं चार लोकांना दाखवायची हौस माणसाला नडते.

अठ्ठ्याऐंशी सालच्या जानेवारीत जिल्ह्याची शालेय उपक्रमांची स्पर्धा जाहीर झाली. हेडमास्तर खांबेटे म्हणाले, “उपासनीबाई, तुमचा तो बाजार पाठवू या. जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी साहेब स्वतः बघायला येणार आहेत. जरा नीटनेटकं करा. गोंगाट नको, आणि ते मोठमोठ्यानं घासाघीस करणं नको.”

मालनबाईंनी नीटनेटकं केलं. बाकं भिंतीला लावली. पालकांना चिठ्ठ्या पाठवल्या, या आणि खिडकीतून पाहा. पेंटरला बोलावून फळ्याच्या वरच्या पट्टीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहून घेतलं: एक वस्तू, एक दर. खाली खडूनं स्वतःच्या वळणदार अक्षरात, ‘घासाघीस करू नये.’ ज्या बाईनं मुलांना शार्पनरचा लिलाव करून दाखवला, तिनंच हे लिहावं! पण साहेब येणार म्हटलं, की भल्याभल्यांची अक्कल इस्त्री होते.

नामाच्याच त्या वर्गात मालू होती. मालू नाखवा. तिची आई सगुणा स्टेशनजवळच्या बाजारात खाडीची मासळी विकायला बसायची, बाप होडीवर. मालू गणितात सगळ्यांच्या पुढं. तिची बेरीज फळ्यावर मांडून व्हायच्या आधी तोंडात तयार असायची. फेब्रुवारीच्या अखेरीस चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा होती आणि शाळेतून एखादं मूल लागलं तर मालूच लागेल, हे मालनबाई स्टाफरूममध्ये दहादा बोलल्या होत्या. मनातून त्यांना ते आपलंच यश वाटायचं, ही गोष्ट वेगळी.

त्या शनिवारी मालूनं बोरं आणली होती. बदामाच्या झाडाची पानं जमिनीवर मांडून प्रत्येक पानावर बोरांचा एकेक वाटा तिनं लावला, मासळीचा लावतात तसाच. मोठी बोरं वर, बारकी खाली. मांडी घालून बसली. बाकीची पोरं दुकान मांडून लाजत उभी होती, हिनं बसल्याबरोबर हाक दिली, “या, या, गोड बोरं!” साहेब हसले. मालनबाईही हसल्या.

मग जगन आला तक्रार घेऊन. जगन डॉक्टरांचा मुलगा, गोरा, इस्त्रीचा.

“बाई, हिनं माझ्याकडून चार चकत्या घेतल्या आणि नामाला एकीला दिलं. सेम वाटा, बाई! आणि त्याला वर मूठभर जास्त पण दिली.”

साहेबांनी फळ्यावरच्या पट्टीकडे पाहिलं, मग मालनबाईंकडे. एक भुवई वर. तेवढंच. तेवढ्यानं मालनबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“मालू, खरं आहे हे?”

“हो बाई.”

“एकाच वस्तूचे दोघांना दोन भाव?”

“जगनकडे वीस होत्या बाई. नामाकडे एकच होती. आणि घंटा व्हायला आली ना, मग...”

“फळ्यावर काय लिहिलंय ते वाचता येतं ना तुला?”

“येतं. पण आई अशीच विकते.”

ती नऊ वर्षांची होती. तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. पुस्तकात असंच आहे असं एखादं मूल सांगतं, तशी ती सांगत होती. पण साहेब ऐकत होते.

“ही लबाडी आहे मालू,” मालनबाई म्हणाल्या, चांगल्या खणखणीत आवाजात, मागच्या भिंतीपर्यंत पोचेल अशा. “हा आपला वर्ग आहे. तुझ्या आईचा मासळीबाजार नाही.”

आणि तिच्या पुढ्यातल्या सगळ्या चकत्या ओंजळीनं उचलून त्यांनी डब्यात ओतल्या.

पोरं हसली. साहेब मान हलवून म्हणाले, “शिस्त महत्त्वाची.” खिडकीत पालक उभे होते. त्यात एक बाई जांभळ्या नऊवारीत, केसात ताजी वेणी, कडेला अंग चोरून उभी. तिच्या शेजारच्या दोघी जरा सरकून उभ्या होत्या, मध्ये हातभर जागा सोडून. मालनबाईंनी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पण मालूनं मान वर करून तिकडं पाहिलं आणि लगेच खाली घातली, तेव्हा ती कोण हे कळायला बी. ए. लागत नव्हतं.

सोमवारी मालू आली नाही. त्या दिवशी दुपारी मालनबाईंनी स्पर्धेचा अहवाल लिहिला. त्यात एक परिच्छेद असाही लिहिला की, ‘एका विद्यार्थिनीने ग्राहकानुसार दर बदलण्याचा गैरप्रकार केला असता तो तत्काळ निदर्शनास आणून देण्यात आला व विद्यार्थ्यांवर प्रामाणिक व्यवहाराचा संस्कार करण्यात आला.’ हेडमास्तरांना तो परिच्छेद फार आवडला. अहवाल ठाण्याच्या कार्यालयात गेला.

मंगळवारी मालू आली नाही. बुधवारीही नाही.

शुक्रवारी डोंबिवलीच्या घरी मालनबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि हात मध्येच थांबला. एका वस्तूला दोन गिऱ्हाइकांकडून दोन दर घेणं. ज्याला परवडतं त्याच्याकडून जास्त, ज्याला नाही त्याच्याकडून कमी, आणि नासणारा माल असेल तर वेळ सरेल तसा भाव उतरवणं. याला मूल्यभेद म्हणतात. बी. ए.च्या शेवटच्या वर्षी सोळा मार्कांचा प्रश्न होता. त्यांनी साडेतीन पानं लिहिली होती, आकृती काढून. सोळापैकी बारा मिळाले होते. आणि तोच मूल्यभेद समोर मांडी घालून बोरं विकत बसला, तर त्यांना ओळखू आला नाही. ओळखू आला नाही हेही एक वेळ चालेल, माणूस चुकतो. पण त्या पुढं जे बोलल्या ते चुकून बोलल्या नव्हत्या. ते वाक्य त्यांच्या तोंडात तयार होतं. वर्गात गलका झाला की ‘मासळीबाजार मांडलाय का?’ हे त्या वर्षानुवर्षं म्हणत आल्या होत्या, त्यांच्या बाई म्हणायच्या, बाईंच्या बाई म्हणायच्या. समोर कोळ्यांची चार पोरं बसलेली असताना.

यजमान पेपर वाचत होते. त्यांना सांगितलं, तर म्हणाले, “मग सॉरी म्हण आणि मोकळी हो. एवढं काय त्यात?”

एवढंच होतं, तर त्यांचं तोंड का उघडत नव्हतं, हे त्यांनाही सांगता येईना.

शनिवारी बाजार भरवला नाही. कोणी विचारलंही नाही. मात्र मधल्या सुट्टीत नळावर मुलांचा आवाज ऐकू आला: “आज पण मासळीबाजार नाही आली.” दुसरा म्हणाला, “येणारच नाही ती. तिच्या मावशीचा पोरगा सांगत होता, टोपली घेऊन बसते आता.” मालूला आता वर्गात नाव पडलं होतं. आणि ते कोणी ठेवलं, हे शोधायला लांब जायची गरज नव्हती.

सोमवारी शाळा सुटल्यावर मालनबाई बाजारात गेल्या. पन्नास वर्षांच्या आयुष्यात मासळीबाजारात पाय ठेवण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. पदर नाकाशी गेला, मग त्यांनी तो मुद्दाम खाली घेतला. ओल्या फरशीवरून चपला हातभर घसरल्या. एक कोळीण मोठ्यानं म्हणाली, “बाय, सांभालून गो! पडशील तर माझ्याच पाटीत पडशील,” आणि चारजणी हसल्या.

सगुणा कोपऱ्यात बसली होती. पुढ्यात कोळंबीचे वाटे, मांदेली, आणि एक मोठा जिताडा, खाडीतला सगळ्यात मानाचा मासा. मालू शेजारी बसून पाणी शिंपडत होती. बाईंना पाहिल्याबरोबर तिनं तांब्या ठेवला आणि उठून मागं, मावशीच्या पाठीआड गेली.

“या बाई,” सगुणा म्हणाली. “काय देऊ?”

“मी... आम्ही खात नाही.”

“माहीत हाय मना. मंग बसा. गिऱ्हाईक हाय आता.”

आणि खोक्याकडे बोट केलं. बर्फाचं रिकामं खोकं, ओलं. मालनबाई त्यावर बसल्या. पाऊण तास बसल्या. कोणी त्यांच्याशी बोललं नाही. वर्गात उशिरा आलेल्या मुलांना त्या दाराशी उभं करत, तेव्हा मुलांना कसं वाटत असेल हे त्यांना त्या खोक्यावर कळलं.

पाहण्यासारखं मात्र खूप होतं. एक वकीलसाहेब आले, जिताडा विचारला. सगुणानं भाव सांगितला तो ऐकून मालनबाईंचेच डोळे पांढरे झाले. वकील म्हणाले, “लुटतेस की काय?” सगुणा म्हणाली, “साहेब, तुमी कोर्टात एका सहीचं काय घेता?” वकील हसले, थोडे कमी करून घेऊन गेले. मग धुण्याभांड्याची कामं करणारी रंगूबाई आली. तिनं विचारलंही नाही. नुसतं मुठीतलं नाणं दाखवलं. सगुणानं मांदेलीचा वाटा तिच्या पिशवीत ओतला, वर आणखी एक मूठ टाकली आणि म्हणाली, “नातू बरा हाय का गो?” वकिलाच्या पैशातनं रंगूबाईची मांदेली निघाली. हे साडेतीन पानांत कुठं नव्हतं.

उन्हं उतरली तसे भाव उतरले. शेवटचे दोन वाटे राहिले, तेव्हा सगुणानं हात धुतले आणि मालनबाईंकडे वळली.

“बोला.”

“मालू शाळेत येत नाही.”

“नाय येत.”

“पुढच्या महिन्यात परीक्षा आहे तिची.”

“हाय ना. तीच बोल्ली मना. रडत बोल्ली. मी बोल्ले जा, तर बोल्ली, मावशीचा पोरगा सांगतो, शालेत सगले मासळीबाजार करून हाक मारतात. आता मना सांगा बाई, मी त्याच बाजारातनं तिची वह्या-पुस्तकं आणली. ते नाव काय वाईट हाय? नाय ना? मंग पोरीला रडू का येतं?”

मालनबाईंनी तोंड उघडलं. “मी माफी मागायला आले.”

“कोणाची?”

“तुमची. मालूची.”

“हितं?” सगुणानं आजूबाजूला पाहिलं. “हितं कशाला? हितं तुमाला कोण वलखतं? हितल्या बायांसमोर तुमी काय बोल्लात थोडंच? साहेबासमोर बोल्लात, पोरांसमोर बोल्लात. जिथं सांडलंत तिथं पुसा.”

मालनबाई उठल्या, आणि उठता उठता जे करू नये ते केलं. पर्स उघडली. “हे शेवटचे दोन वाटे... मी घेते. किती द्यायचे?”

सगुणाचा चेहरा पहिल्यांदा खरा रागावलेला दिसला.

“खात नाय तर घेता कशाला? गटारात टाकाल. माझा नवरा रातभर पाण्यात उभा राहतो, ते तुमी फेकायला? ठेवा ती पर्स.” मग म्हणाली, “उद्या मी पोरीला घेऊन येते. त्याच खिडकीत उभी राहीन. पुसलंत तर आत सोडीन. नाय तर परत नेईन. मंग तुमी परत हितं येऊ नका.”

घरी जाऊन मालनबाईंनी डोक्यावरून आंघोळ केली. वास गेला. वाक्य गेलं नाही.

सकाळी त्या आधी हेडमास्तरांकडे गेल्या. नसत्या गेल्या तर बरं झालं असतं. खांबेटे चष्मा काढून म्हणाले, “अहो, अहवाल गेलाय आपला! साहेबांच्या समोर झालेली गोष्ट. तुम्ही वर्गात म्हणालात की मीच चुकले, तर पोरं घरी सांगणार, डॉक्टरांच्या घरी तर सांगणारच. उगाच कशाला वाढवता? पोरीला प्रेमानं जवळ घ्या, संपलं.”

“आणि तिच्या आईनं ऐकलंय त्याचं काय?”

“त्यांना काही वाटत नाही हो एवढं. त्या बाजारात बसणाऱ्या बायका. रोज ऐकतात.”

हे वाक्य ऐकून मालनबाई संतापल्या नाहीत. त्यांना वाईट याचं वाटलं, की पंधरा दिवसांपूर्वी त्यांना स्वतःला ते पटलं असतं.

वर्गात गेल्या. हजेरी घेतली. खिडकीत सगुणा उभी होती, टोपली पायाशी, मालूचा हात हातात. त्रेचाळीस मुलं. फळ्याच्या पट्टीवर चकचकीत पांढरी अक्षरं.

“मुलांनो,” मालनबाई म्हणाल्या. “मागच्या वेळी आपल्या बाजारात थोडा गैरसमज झाला होता. तो आता दूर झालेला आहे. तर आपण सगळ्यांनी...”

“कोणाचा, बाई?”

नामा. तो काही खोडी काढत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“काय कोणाचा?”

“गैरसमज. कोणाचा झाला?”

मालनबाईंनी खिडकीकडे पाहिलं. सगुणा वाकून टोपली उचलत होती. मालूनं तोंड फिरवलं होतं.

“माझा,” मालनबाई म्हणाल्या. आणि मग, कारण सांडलेलं अर्धंच पुसून भागत नाही, घाईघाईनं, नेहमीच्या वळणदार वाक्यांशिवाय: “गैरसमज पण नाही. मी चुकले. मालूनं लबाडी केली नव्हती. तिनं जे केलं ते मी कॉलेजात शिकले होते आणि मला ओळखता आलं नाही. तिला येत होतं. साहेब समोर होते म्हणून मी तिला ओरडले. आणि तिच्या आईच्या बाजाराचं नाव मी शिवीसारखं घेतलं. त्या बाजारात बसून त्या मालूला शिकवतात. ते शिवीसारखं घ्यायचं नाव नाही. यापुढं मी घेणार नाही, तुम्हीही कोणी घ्यायचं नाही. मालू, मी तुझी माफी मागते. आणि सगुणाताई, तुमची.”

मालनबाई टेबलाआड गेल्या नाहीत, फळ्यापुढं तशाच उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या बाईनं नऊ वर्षांच्या मुलांसमोर असं उभं राहणं सोपं नाही. सोपं असावं अशी अपेक्षाही कोणी करू नये.

जगननं हात वर केला. “पण बाई, माझ्याकडून चार घेतल्या ते बरोबर?”

“तू कमी कर का नाही म्हणालास?”

“तुम्हीच फळ्यावर लिहिलं होतं ना, घासाघीस करू नये!”

वर्ग खो-खो हसला. मालनबाई वळल्या, डस्टर उचललं आणि पट्टीवरची अक्षरं पुसू लागल्या. पुसली जाणार कशी? ऑइलपेंट! डस्टर घासून घासून खडूची धूळ अंगावर आली, ‘एक वस्तू, एक दर’ तसंच्या तसं. मुलं आणखीच हसली. त्या हसण्यात खिडकीतला हात सुटला आणि मालू दारातून आत आली, कोणाकडेही न बघता आपल्या जागेवर जाऊन बसली. सगुणानं टोपली डोक्यावर घेतली. बाजाराच्या वाटेला लागली.

मधल्या सुट्टीत मालनबाई चकत्यांचा डबा घेऊन मालूपाशी गेल्या. “तुझ्या किती होत्या, मला मोजायचं सुचलं नाही.”

“सत्तावीस,” मालू म्हणाली. तिनं स्वतः मोजून घेतल्या. अठ्ठाविसावी हाताला चिकटून आली ती परत डब्यात टाकली.

त्या आठवड्यात मालनबाईंनी ठाण्याला पत्र पाठवून अहवाल मागे घेतला. ‘अहवालातील एक परिच्छेद चुकीचा आहे व तो लिहिणारीच त्यास जबाबदार आहे.’ खांबेटे पुढं त्यांच्याशी वर्षभर कामापुरतंच बोलले, आणि दोन वर्षांनी उपमुख्याध्यापिकेची जागा झाली तेव्हा ती दुसऱ्या बाईंना मिळाली. त्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. दुसऱ्याच गोष्टीचं वाटत राहिलं. मालू शिष्यवृत्तीला बसली आणि लागली नाही. थोडक्यात गेली. नेमके शाळेच्या उजळणीचे ते सात-आठ दिवस बुडाले होते. त्यामुळंच गेली की नाही कोण सांगणार? मालूनं विषय काढला नाही, सगुणानंही नाही. मालनबाईंनी मात्र तो भार कोणाला न विचारता आपल्याकडे घेतला आणि कधी उतरवला नाही.

पट्टीवरची अक्षरं त्यांनी एका रविवारी शाळेत येऊन स्वतः रॉकेलनं घासली. रंग गेला, पण काळ्या लाकडावर खूण राहिली. उन्हाची तिरीप पडली की वाचता येई. पंच्याण्णव साली त्या निवृत्त झाल्या तोवर ती तिथंच होती. दर वर्षी नवा वर्ग विचारायचा, “बाई, ते वर काय लिहिलं होतं?” आणि दर वर्षी त्या सांगायच्या. सगळं. मालूचं नाव न घेता, स्वतःचं घेऊन. मग बाजार भरायचा, घासाघिशीसकट.

पण ते पुढचं. त्या वर्षीचा शेवटचा बाजार मार्चमध्ये भरला. साहेब नव्हते, पालक नव्हते, गलका मनसोक्त होता. मालूनं चिंचा आणल्या होत्या, बदामाच्या पानांवर वाटे लावून. पुढ्यात रांग. मालनबाई रांगेत उभ्या राहिल्या, नामाच्या मागं. नामानं एक चकती दिली. मालूनं वाटा त्याच्या टोपीत ओतला आणि वर चिंचेचे दोन आकडे जास्तीचे टाकले.

“कितीला?” मालनबाईंनी विचारलं.

मालूनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. वकिलाकडे तिची आई पाहते, तसं.

“तुम्हाला पाच.”

“आत्ता नामाला एकीला दिलास.”

“तो नामा आहे.”

मालनबाईंना घासाघीस करता आली असती. मुलं वाटच बघत होती. त्यांनी पाच चकत्या मोजून दिल्या. मालूनं त्या मोजून घेतल्या, वाटा बाईंच्या ओंजळीत ओतला, पान झटकलं, आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे बघून म्हणाली, “चल, तुला काय?”

चिंचेचा वरचा आकडा तिनं टाकला नाही. का टाकावा?